ओढ्यातले नत्र आले कोठून? कऱ्हा खोऱ्यात पाणलोट मॉडेल पहिल्यांदा उभे करणाऱ्यांसाठी

शेतातून वाहून जाणारे पाणी, त्याबरोबर जाणारा गाळ आणि त्यात विरघळलेले खत यांचा हिशेब संगणकावर मांडायचे काम माझ्याकडे पहिल्यांदा आले, तेव्हा मला वाटले होते की नकाशे उतरवून घ्यावेत, पाऊस भरावा आणि बटण दाबावे. पहिला रन चालला, आलेखही सुंदर आले. पण फेब्रुवारीत कोरडा पडणारा ओढा मॉडेलमध्ये बारमाही वाहत होता आणि जो ओढा प्रत्यक्षात उन्हाळ्यातही ओला असतो तो मॉडेलमध्ये ठणठणीत कोरडा होता. ही गफलत दुरुस्त करण्यात पुढचे बरेच महिने गेले. ते तुमचे जाऊ नयेत, म्हणून हा लेख क्रमवार लिहीत आहे.

उदाहरणासाठी पुणे जिल्ह्यातील कऱ्हा नदीचे खोरे घेतले आहे. ही नदी पुरंदर तालुक्यात गराड्याच्या बाजूला उगम पावते आणि सासवड, जेजुरी, मोरगाव, बारामती असा प्रवास करून नीरेला मिळते. वरच्या भागात मुरमाड उतार, अंजीर, सीताफळ, वाटाणा आणि बाजरी. खालच्या भागात काळी जमीन, पाटपाणी आणि ऊस. एकाच खोऱ्यात इतकी तफावत असल्यामुळे नवशिक्याला ठेच लागण्याच्या बहुतेक जागा येथे सापडतात.

साधन म्हणून मी स्वॅट वापरतो. अमेरिकेच्या कृषी विभागाच्या संशोधन सेवेत, टेक्सासमधील टेम्पल येथे जेफ अर्नोल्ड यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस विकसित केलेले हे मॉडेल मोफत आहे आणि जगभर शेतीच्या अपधावासाठी, म्हणजे शेतातून वाहून जाणाऱ्या पाण्याच्या अभ्यासासाठी, वापरले जाते. मात्र त्याच्या आत बसवलेली गृहीतके बव्हंशी तिकडच्या शेतीची आहेत, हे पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेवावे.

सुरुवातीला काय काय जमवावे

- क्यूजीआयएस हे नकाशांचे सॉफ्टवेअर, त्यात बसणारे क्यूस्वॅट प्लस आणि स्वॅट प्लस एडिटर (स्वॅट प्लस म्हणजे स्वॅटची नवी आवृत्ती)
- उंचीचा नकाशा, म्हणजे डीईएम: एसआरटीएम किंवा कोपर्निकसचा ३० मीटरचा, अथवा भुवन संकेतस्थळावरील कार्टोडेम
- जमीन-वापराचा नकाशा, आणि तो तपासण्यासाठी तालुका कृषी कार्यालयाकडील पीकनिहाय क्षेत्र
- मातीचा नकाशा: नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन ब्यूरोचा मिळाल्यास उत्तम
- भारतीय हवामान विभागाचा रोजचा पाऊस व तापमान, शिवाय महसूल मंडळनिहाय पाऊस
- नदीचा विसर्ग किंवा धरणाच्या पाणीपातळीच्या रोजच्या नोंदी
- कालव्याच्या आवर्तनांच्या तारखा आणि उपसा योजनांनी सोडलेले पाणी
- भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या पातळ्या
- एक वही. ही गंमत नाही. तिचा उपयोग पुढे सहाव्या पायरीत कळेल.

सरकारी आकडे मागताना पत्रात नदी, ठिकाण, कालावधी आणि नोंद रोजची हवी की मासिक, हे स्पष्ट लिहावे. कृष्णा खोऱ्यातील विसर्गाचे आकडे गंगा किंवा ब्रह्मपुत्रेसारखे गोपनीय नाहीत. केंद्रीय जल आयोगाची केंद्रे भारत-डब्ल्यूआरआयएस या संकेतस्थळावर पाहावीत आणि राज्याच्या केंद्रांसाठी जलसंपदा विभागाच्या नाशिक येथील जलविज्ञान कार्यालयाकडे विचारणा करावी. विनंतीपत्राला उत्तर न आल्यास माहितीच्या अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज आहेच. पण आधी प्रत्यक्ष जाऊन भेटावे. मला सर्वांत उपयोगी आवर्तनांचा तक्ता एका शाखा कार्यालयातील जाड रजिस्टरमध्ये मिळाला, संकेतस्थळावर नव्हे.

१. प्रश्न एका वाक्यात लिहा

"कऱ्हा नदीच्या पाण्याची गुणवत्ता अभ्यासायची आहे" हा प्रश्न होत नाही. "कऱ्हेवरील नाझरे धरणात दरवर्षी येणाऱ्या स्फुरदापैकी किती शेतातल्या गाळाबरोबर येते?" हा प्रश्न आहे. फरक एवढ्यासाठी महत्त्वाचा की नत्र आणि स्फुरद वेगवेगळ्या वाटांनी जातात. नत्राचे नायट्रेट पाण्यात सहज विरघळते, मुळांखाली झिरपते, विहिरींत उतरते आणि पावसाळ्यानंतर भूजलाबरोबर ओढ्यात येते. स्फुरद मातीच्या कणांना चिकटून राहते आणि बहुतांशी जोराच्या सरींमध्ये गाळाबरोबर जाते. स्फुरदाचा अभ्यास करणाऱ्याने उतार, धूप आणि बांधबंदिस्ती यांवर वेळ खर्च करावा. नत्राचा अभ्यास करणाऱ्याने भूजल आणि पाटपाणी यांवर. दोन्ही एकाच वेळी नेमके साधण्याचा हट्ट पहिल्या मॉडेलमध्ये धरू नये.

२. फोल्डरचे नाव आणि इतर किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी

प्रकल्पाचे फोल्डर थेट डी ड्राइव्हवर, इंग्रजी अक्षरांत, मधे मोकळी जागा न सोडता ठेवावे. देवनागरी नावाचे किंवा लांबलचक मार्ग असलेले फोल्डर ही न समजणाऱ्या त्रुटींची खाण असते. जुने स्वॅट २०१२ मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसवर चालते आणि ऑफिस ३२ बिटचे की ६४ बिटचे या घोळात अनेकांचे आठवडे जातात. त्यामुळे नव्याने सुरुवात करणाऱ्याने स्वॅट प्लसच घ्यावे, असे माझे मत आहे. जुन्या आवृत्तीवरचे शिकवणीचे साहित्य जास्त उपलब्ध आहे हे खरे, पण तेवढ्यासाठी जुने ओझे वाहू नये.

३. डीईएम आणि पाणलोटाची हद्द

उतरवलेला डीईएम अक्षांश-रेखांशात, म्हणजे अंशांत असतो. तो तसाच दिला तर आडवे अंतर अंशांत आणि उंची मीटरमध्ये, असा प्रकार होऊन उतार हास्यास्पद येतात. पुणे जिल्ह्यासाठी यूटीएम पट्टा ४३ उत्तर, ईपीएसजी ३२६४३, ही प्रणाली वापरून डीईएम आधी मीटरमध्ये आणावा.

त्यानंतर ओढ्यांचे जाळे काढताना दोन ठिकाणी निर्गमबिंदू (जेथून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा हिशेब मॉडेल देते ते बिंदू) मुद्दाम द्यावेत: जेथे विसर्ग मोजला जातो तेथे आणि जेथून पाण्याचे नमुने घेतले जातात तेथे. ही ठिकाणे नंतर आठवली तर हद्दीपासून सगळे पुन्हा करावे लागते. खालच्या सपाट भागात मॉडेलने काढलेला ओढा आणि उपग्रहचित्रातला ओढा यांत अंतर पडले, तर खरा प्रवाहमार्ग रेषेच्या रूपात देऊन तो डीईएममध्ये कोरून घ्यावा.

४. जमीन-वापर आणि माती

युरोपीय अवकाश संस्थेचा वर्ल्डकव्हर हा १० मीटरचा नकाशा दिसायला देखणा आहे, पण त्यात बाजरी आणि ऊस दोन्ही केवळ "पीकक्षेत्र" म्हणून दाखवलेले असतात. खताच्या दृष्टीने मात्र या दोन शेतांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. त्यावर आपल्याकडे एक सोपा उपाय आहे. एप्रिल-मे महिन्यांतील सेंटिनेल-२ उपग्रहाची ढगविरहित चित्रे घ्यावीत. त्या दिवसांत कऱ्हा खोऱ्यात जे हिरवे दिसते ते मुख्यतः ऊस, फळबाग किंवा नदीकाठची झाडे असते. बाकी रान उघडे असते. ऑक्टोबर आणि जानेवारीची चित्रे जोडली की खरीप व रब्बीची घडी बसते. आलेले क्षेत्र कृषी कार्यालयाच्या आकड्यांशी आणि ई-पीक पाहणीच्या नोंदींशी ताडून पाहावे.

स्वॅटच्या पीकसूचीत ऊस, बाजरी, ज्वारी, कांदा, वाटाणा आहेत. अंजीर आणि सीताफळ नाहीत. त्यांच्यासाठी सर्वसाधारण फळबागेचा पर्याय घेऊन खत आणि पाणी मात्र स्थानिक द्यावे.

मातीच्या बाबतीत अधिक सावध राहावे लागते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा नकाशा सहज मिळतो म्हणून सगळे तोच वापरतात. त्यात मातीचे दोन थर, ३० आणि १०० सेंटिमीटरपर्यंतचे, गृहीत धरलेले असतात. पुरंदरच्या उतारांवर पहार मारली तर वीतभर मातीखाली मुरूम लागतो. मीटरभर खोल माती दिली की मॉडेल पावसाचे पाणी त्या काल्पनिक मातीत साठवते, अपधाव घटतो आणि मग तो वाढवण्यासाठी आपण दुसरेच आकडे पिळत बसतो. रस्त्याच्या कडेच्या खोदकामात, विहिरीच्या कठड्याखाली, शेततळ्याच्या भिंतीत मातीचा थर उघडा दिसतो. टेप घेऊन फिरावे आणि निदान वीस-पंचवीस ठिकाणी खोली मोजावी. खालच्या भागातील काळ्या जमिनीसाठी भेगांचा पर्याय चालू करावा, कारण जूनचा पहिला पाऊस त्या भेगांतून सरळ खाली जातो आणि ओढ्याला पाणी येत नाही.

मृदा आरोग्य पत्रिकेतील सेंद्रिय कर्ब आणि उपलब्ध स्फुरद सुरुवातीच्या मूल्यांसाठी उपयोगी पडतात. तेथे स्फुरद किलो प्रति हेक्टर असते, मॉडेलला मिलिग्रॅम प्रति किलो हवे असते. वरच्या १५ सेंटिमीटर थरासाठी साधारण २.२४ ने भागावे.

उपपाणलोट, जमीन-वापर, माती आणि उतार यांच्या एकसारख्या संयोगाला एचआरयू म्हणतात. त्यांची संख्या आटोक्यात ठेवण्यासाठी दहा टक्क्यांहून कमी असलेले तुकडे गाळण्याची पद्धत आहे. ती डोळे झाकून वापरल्यास वरच्या भागातले उसाचे छोटे पट्टे नाहीसे होतात आणि त्यांच्याबरोबर सर्वाधिक खतही. उसाला या गाळणीतून सूट द्यावी; तशी सोय आहे.

५. पाऊस, आणि साडेआठ वाजताची गोष्ट

हवामान विभागाचा जाळीबद्ध पाऊस ०.२५ अंशांचा, १९०१ पासूनचा, आणि तापमान १ अंशाचे, १९५१ पासूनचे मिळते. आयएमडीलिब नावाचे पायथन पॅकेज वापरून ते उतरवणे सोपे आहे. पण पाव अंश म्हणजे सुमारे २७ किलोमीटर. सह्याद्रीच्या फाट्यांकडून मोरगावच्या माळाकडे येताना पाऊस याहून कमी अंतरात झपाट्याने उतरतो. म्हणून रोजची चढउतार महसूल मंडळांच्या पर्जन्यमापकांवरून घ्यावी आणि दीर्घकालीन सरासरीची पडताळणी जाळीवरून करावी.

सापळा वेगळाच आहे. आपल्याकडे पाऊस सकाळी साडेआठला मोजतात आणि तो मागील चोवीस तासांचा असतो. १२ तारखेला नोंदलेला पाऊस बहुधा ११ तारखेच्या दुपारी किंवा रात्री पडलेला असतो. विसर्गाची नोंद मात्र मध्यरात्र ते मध्यरात्र अशी असू शकते. परिणामी मॉडेलचा पूर खऱ्या पुरानंतर एक दिवसाने येतो, रोजच्या आलेखाची जुळणी बिघडते आणि दोष नसलेल्या गोष्टींना दोष दिला जातो. आधी सगळ्या मालिका एकाच दिवसव्याख्येवर आणाव्यात, किंवा सरळ मासिक तुलना करावी.

६. खत आणि पिकांचे वेळापत्रक

वही काढण्याची हीच वेळ. स्वॅट आपोआप जे वेळापत्रक देते ते साठलेल्या उष्णतेच्या एककांवर चालते: पुरेशी उष्णता जमली की पेरणी, पूर्ण झाली की काढणी. थंड प्रदेशात हे शोभते, कारण तेथे उष्णताच हंगाम ठरवते. आपल्याकडे हंगाम पाऊस आणि पाणी ठरवतात. हे वेळापत्रक तसेच ठेवले तर मॉडेल बाजरी भलत्याच महिन्यात पेरते. प्रत्येक पिकासाठी तारखा हाताने द्याव्यात.

उसाचे तर तीन हंगाम आहेत आणि खताच्या शिफारशी तिघांना वेगळ्या आहेत. नत्र, स्फुरद व पालाश यांची प्रति हेक्टर किलोमधील शिफारस जुलै-ऑगस्टमध्ये लावल्या जाणाऱ्या आडसालीला ४००:१७०:१७०, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पूर्वहंगामीला ३४०:१७०:१७० आणि सुरूला २५०:११५:११५ अशी आहे. आडसाली ऊस दीड वर्ष रानात उभा असतो, म्हणजे त्याचे वेळापत्रक एका वर्षात मावत नाही. आणि त्यानंतरचा खोडवा वेगळा लिहावा लागतो.

हे झाले कागदावरचे. प्रत्यक्षात किती टाकतात हे बांधावर बसूनच कळते. प्रश्नावली घेऊन गेल्यास शिफारशीचेच आकडे ऐकायला मिळतात. मी असे विचारत असे: "दादा, लागणीपासून बांधणीपर्यंत एकरी युरियाच्या किती गोण्या जातात, आणि कधी कधी?" गोण्यांचा हिशेब सगळ्यांच्या तोंडी असतो. युरियाची गोणी ४५ किलोची, त्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे २०.७ किलो. डीएपीत १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के स्फुरद. १०:२६:२६ चे नावातच आहे. शेणखत आणि मळी यांविषयी वेगळे विचारावे, कारण "खत" म्हटले की अनेकांना फक्त गोणीतले आठवते.

खालील एककांच्या चुका मी स्वतः केल्या आहेत किंवा इतरांच्या कामात पाहिल्या आहेत:

- गोणीवरचे स्फुरद हे पी२ओ५ या रूपात असते, मॉडेलला मूलद्रव्य हवे असते. ०.४४ ने गुणावे. १७० किलोचे सुमारे ७५ किलो होतात.
- प्रयोगशाळा नायट्रेट हे संपूर्ण आयनाच्या वजनात देते, मॉडेल त्यातील फक्त नत्र देते. प्रयोगशाळेच्या आकड्याला ४.४३ ने भागावे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकातील ४५ मिलिग्रॅम प्रति लिटर ही मर्यादा नत्राच्या भाषेत सुमारे १०.२ होते.
- शेतकरी एकरात बोलतो, मॉडेल हेक्टरात. २.४७ ने गुणायला विसरणारे पुष्कळ आहेत.

७. बाहेरून आलेले पाणी

लेखाच्या सुरुवातीला सांगितलेल्या उलट्यापालट्या ओढ्यांचे कारण येथे आहे. मॉडेलच्या दृष्टीने खोऱ्यात येणारे पाणी म्हणजे पाऊस. कऱ्हा खोऱ्यात मात्र निदान दोन मोठ्या वाटांनी परके पाणी येते. वीर धरणातून निघणारा नीरा डावा कालवा बारामती तालुक्यातून पुढे इंदापूरकडे जातो. त्याच्या भिजवणीतून झिरपलेले पाणी खालच्या ओढ्यांना उन्हाळ्यात ओले ठेवते. दुसरी वाट पुरंदर उपसा सिंचन योजनेची. ती मुळा-मुठेचे पाणी उचलून पुरंदरच्या पठारावर आणते, आणि मुळा-मुठेत पुणे शहराचे सांडपाणी असते हे काही गुपित नाही.

याचा नत्राच्या हिशेबावर होणारा परिणाम लहान नसतो. पाटपाण्याची एक पाळी साधारण ८ सेंटिमीटर धरली तर हेक्टरी ८०० घनमीटर पाणी होते. त्या पाण्यात लिटरमागे १० मिलिग्रॅम नत्र आहे असे समजा. एका पाळीत हेक्टरी ८ किलो आणि दहा पाळ्यांत ८० किलो नत्र शेतात आले, एकही गोणी न फोडता. हे मॉडेलमध्ये भरले नाही, तर अंशशोधनाच्या वेळी, म्हणजे मॉडेलचे आकडे मोजलेल्या आकड्यांशी जुळवताना, तेवढे नत्र कोठून तरी काढावे लागते, आणि ते बिचाऱ्या शेतकऱ्याच्या युरियाच्या खात्यावर पडते.

म्हणून सिंचनाचा "आपोआप" पर्याय अमर्याद स्रोतावर ठेवू नये. आवर्तनाच्या तारखा घालून पाळ्या द्याव्यात, स्रोत खोऱ्याबाहेरचा असल्याचे नोंदवावे आणि त्या पाण्यातील नत्र मोजून ते प्रत्येक पाळीला खताच्या स्वरूपात जोडावे. ही तडजोड आहे, पण चालते.

याच पायरीत अडवलेले पाणीही भरावे. पाझर तलाव, शेततळी, नालाबांध आणि कोल्हापूर पद्धतीचे बंधारे एकेकटे देणे अशक्य असते. उपपाणलोटनिहाय त्यांची क्षमता एकत्र करून एक तळे म्हणून द्यावी. बंधाऱ्यांना ढापे पावसाळा सरताना बसवतात, त्यामुळे पावसाळ्यात त्यांची साठवण जवळपास शून्य धरावी. नाझरे धरण मात्र स्वतंत्र जलाशय म्हणूनच द्यावे.

बिंदुस्रोत, म्हणजे एकाच ठिकाणाहून नदीत मिसळणारे पाणी, वेगळे. सासवडसारख्या गावाचे सांडपाणी वर्षभर येते आणि कोरड्या महिन्यांत नदीत तेच मुख्य असू शकते. लोकसंख्येवरून अंदाज बांधून ते रोजच्या ठरावीक प्रवाहाच्या रूपात द्यावे.

८. पहिला रन केवळ पाण्याचा

पहिली तीन वर्षे मॉडेलला रुळू द्यावीत आणि त्यांचे आकडे निकालात धरू नयेत. मग नत्र-स्फुरदाकडे न पाहता वार्षिक ताळेबंद काढावा: पाऊस, बाष्पीभवन-बाष्पोत्सर्जन, भूपृष्ठावरील अपधाव, भूजलाकडे गेलेला पाझर. अवर्षणप्रवण तालुक्यांत पावसाचा मोठा वाटा हवेत परत जातो. मॉडेल अर्धा पाऊस नदीत ओतत असेल, तर पुढे जाण्यात अर्थ नाही.

अपधाव ठरवणारा मुख्य आकडा म्हणजे वक्रांक, सीएन. त्याची संवेदनशीलता एकदा हाताने गणित करून पाहावी. साठवण-क्षमता मिलिमीटरमध्ये काढण्यासाठी २५४०० ला सीएनने भागून २५४ वजा करतात. सीएन ८५ असताना ती सुमारे ४५ येते आणि ६० मिलिमीटर पावसातून सुमारे २७ मिलिमीटर वाहते. सीएन ७५ केला की तोच पाऊस अवघे साडेचौदा मिलिमीटर देतो. दहा अंकांच्या फरकाने अपधाव जवळजवळ निम्मा होतो, म्हणून हा आकडा सॉफ्टवेअरच्या मर्जीवर सोडू नये. शिवाय सुरुवातीची गळती, म्हणजे पाणी वाहू लागण्यापूर्वी मुरणारा व अडणारा पाऊस, साठवणीच्या ०.२ पट धरणे ही अमेरिकी पद्धत आहे; आपल्याकडे काळ्या जमिनीसाठी, ती मध्यम किंवा अधिक ओली असताना, ०.१ पट धरण्याची शिफारस आहे. वरच्याच उदाहरणात ८५ सीएनला त्यामुळे २७ ऐवजी सुमारे ३१ मिलिमीटर अपधाव येतो.

निरीक्षण विहिरींच्या जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरच्या पातळ्या मॉडेलमधील भूजलसाठ्याच्या चढउताराशेजारी ठेवाव्यात. आपला बेसाल्ट पाणी लवकर सोडतो. ओढ्यात भूजलाचा प्रवाह प्रत्यक्षात कोणत्या महिन्यापर्यंत टिकतो, हे गावातील म्हाताऱ्या माणसांना विचारावे आणि भूजल ओसरण्याचा गुणांक त्यानुसार ठेवावा.

९. नदीचे मोजमाप नसेल तर

लहान खोऱ्यांत विसर्गमापन केंद्र बहुधा नसते. तेथे धरण कामाला येते. साठ्यातील रोजची वाढ, सोडलेले पाणी, उपसा आणि बाष्पीभवन यांची बेरीज करून जलाशयावर थेट पडलेला पाऊस वजा केला, की आवक मिळते. रोजची आवक फार उड्या मारते, कारण पातळीतील एका सेंटिमीटरची चूकही मोठे आकारमान असते. पाच किंवा दहा दिवसांची सरासरी घ्यावी.

ओढ्यावर स्वतः मोजायचे असल्यास सरळ काठ असलेली जागा निवडावी, मोजलेल्या अंतरावर तरंगणारी वस्तू सोडून वेळ घ्यावी, पृष्ठभागाच्या वेगाला ०.८५ ने गुणावे आणि प्रवाहाच्या छेदाच्या क्षेत्रफळाने गुणावे. पुराच्या पाण्यात उतरू नये. छेद उन्हाळ्यातच मोजून ठेवावा आणि पुरात केवळ पुलावरून पातळी वाचावी.

१०. पाण्याचे नमुने

महिन्यातून एकदा घेतलेला नमुना बहुतेक वेळा शांत पाण्याचा असतो. स्फुरद आणि गाळ ज्या चार-सहा दिवसांत वाहून जातात, ते दिवस त्या नोंदींत नसतात. त्यामुळे निदान तीन-चार मोठ्या पावसांत, पाणी चढताना, माथ्यावर असताना आणि उतरताना असे वेगवेगळे नमुने घ्यावेत. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळावी, बर्फाच्या पेटीत ठेवावी आणि नायट्रेटसाठी अठ्ठेचाळीस तासांच्या आत प्रयोगशाळेत तपासणी व्हावी. एकूण स्फुरदाचा नमुना सल्फ्युरिक आम्ल घालून टिकवता येतो. विरघळलेल्या स्फुरदाचा नमुना आधी गाळून घ्यावा लागतो. मी एकदा दोन्ही एकाच बाटलीत दिले आणि सगळी फेरी वाया गेली.

तारखाही पाहाव्यात. आषाढी वारीत पालखीचा मुक्काम सासवड-जेजुरीला असतो आणि सोमवतीला खंडोबाची पालखी कऱ्हेवर स्नानाला जाते. त्या दिवसांचे नमुने खोटे नसतात, पण ते शेतीविषयी काही सांगत नाहीत.

लिटरमागील मिलिग्रॅमला सेकंदाला घनमीटरमधील विसर्गाने आणि पुन्हा ८६.४ ने गुणले, की दिवसाचा भार किलोमध्ये मिळतो. ५ मिलिग्रॅम आणि १० घनमीटर असतील तर दिवसाला ४,३२० किलो. मॉडेलची तुलना या भाराशी करावी.

११. अंशशोधन

क्रम मोडू नये: आधी विसर्ग, मग गाळ, मग स्फुरद व नत्र. गाळ जुळण्याआधी स्फुरद जुळवले, तर एक चूक दुसऱ्या चुकीने झाकली जाते. उपलब्ध वर्षे दोन भागांत विभागावीत, दोन्हींत एखादे दुष्काळी आणि एखादे ओले वर्ष येईल असे पाहावे, आणि दुसऱ्या भागाला पडताळणीपर्यंत हात लावू नये.

२००७ साली मोरियासी आणि सहकाऱ्यांनी सुचवलेल्या मर्यादा सर्रास वापरल्या जातात: मासिक तुलनेत नॅश-सटक्लिफ कार्यक्षमता (मॉडेल मोजमापाशी किती जुळते याचे माप; पूर्ण जुळणीला १) ०.५० हून अधिक. आणि टक्केवारीतील कल, म्हणजे मॉडेलची बेरीज मोजमापापेक्षा किती टक्के कमी-जास्त आहे ते, विसर्गासाठी २५, गाळासाठी ५५ व नत्र-स्फुरदासाठी ७० च्या आत, अधिक किंवा उणे. नत्र-स्फुरदासाठी एवढी सैल मर्यादा पाहून नवशिके खूश होतात. माझे म्हणणे असे की मूल्य चांगले आले तरी गुणांक कोठे जाऊन बसले ते पाहावे. स्वयंचलित साधनाने नायट्रेटच्या झिरपण्याचा गुणांक मर्यादेच्या टोकाला नेला असेल किंवा मुरमाड माळाला ९५ सीएन दिला असेल, तर सातव्या पायरीतले काही तरी राहून गेले आहे असे समजावे आणि मागे जावे. प्रत्येक रनची तारीख, बदललेला गुणांक आणि आलेला निकाल वहीत लिहावा. चाळिसाव्या रननंतर स्मरणशक्तीवर विसंबता येत नाही.

१२. पर्याय तपासणे आणि गावात सांगणे

आता कोठे मूळ प्रश्नाकडे जाता येते. युरिया वीस टक्के कमी केला तर, ठिबकवर हप्त्याहप्त्याने दिला तर, उतारावर ताली दुरुस्त केल्या तर, असे पर्याय एका वेळी एकच बदलून चालवावेत. त्यांचा निकाल मूळ रनशी तुलना करून फरकाच्या रूपात सांगावा. निव्वळ आकड्यापेक्षा फरक अधिक विश्वासार्ह असतो. नत्रासाठी किमान दहा वर्षांचा रन घ्यावा, कारण भूजलात उतरलेले नायट्रेट बाहेर यायला वेळ लागतो आणि पहिल्या दोन वर्षांत काहीच बदल न दिसणे स्वाभाविक आहे.

निकाल गावात मांडताना किलो प्रति हेक्टर हा शब्द उच्चारू नये. समजा, मॉडेलप्रमाणे उसाच्या रानातून हेक्टरी २५ किलो नत्र मुळांखाली निघून जाते. एकरी ते सुमारे दहा किलो झाले, म्हणजे युरियाची अर्धी गोणी. "एकरी अर्धी गोणी विहिरीत जाते" असे म्हटले, की पहिला प्रश्न येतो तो कोणत्या महिन्यात जाते याचा. त्या उत्तराचा मासिक तक्ता छापून बरोबर न्यावा.